दहापैकी सहा

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. साप्ताहिकात व्हिडिओ गेमवर लिहायचं एक पान तिच्याकडे होतं आणि त्या पानावर भल्याभल्या खेळांची बिनपाण्याने हजामत होत असे, म्हणून हे नाव पडलं. तिलाही ते आवडायचं. उगाच कुणाला टोचून बोलायची तिला हौस नव्हती. जे वाटलं नाही ते लिहायचं नाही, एवढी एकच अट तिने स्वतःला घालून घेतली होती.

त्या वर्षी ‘सात बुरूज’ या खेळाची नवी आवृत्ती निघाली. खेळ पाव शतकापूर्वीचा. एक मुका सैनिक, पाण्याखाली गेलेलं राज्य, सात बुरूज आणि शेवटच्या बुरुजात कोंडलेली राणी. तलवार चालवायची, दोराला लटकून भिंती ओलांडायच्या, किल्ल्या शोधायच्या, कोडी सोडवायची. आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळांची कुठेही यादी निघाली की पहिला नंबर याचाच. त्याच्याविषयी वेडंवाकडं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. कात्रीने तो दोनदा सुरू करून दोनदा सोडला होता, पण धंद्यातली माणसं त्याचं नाव काढताना आवाज खाली आणतात हे तिला ठाऊक होतं.

संपादकांनी या खेळावर विशेषांक काढायचं ठरवलं आणि तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मुख्य लेख तुझा. भरभरून लिही."

"आधी खेळते, सर. मग बघू किती भरतं ते."

ते हसले. त्यांना ती गंमत वाटली.

घरी टीव्ही एकच, आणि तो पुढच्या खोलीत. त्या खोलीत त्या दिवसांत सासूबाईंचा मुक्काम होता. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे स्टुलावर पाय ठेवून त्या दिवसभर कोचावर. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. नुसतं बसणं हा त्यांच्या लेखी आजार होता. सून दुपारी कामाचं म्हणून टीव्हीचा ताबा घेते, याचा त्यांना पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी त्या सल्ले देऊ लागल्या.

"हा मेला भिंतीला तोंड लावून काय उभा राहिलाय?"

"तो नाही हो आई, कॅमेरा अडकलाय. त्याच्या पाठीमागून एक कॅमेरा फिरत असतो. तो दाखवेल तेवढंच मला दिसतं."

"मग त्याला म्हणावं, बाजूला हो की जरा."

"तेच तर होत नाहीये!"

चौथ्या बुरुजात तर कहर झाला. आत गोल, अरुंद जिना. वर एक दांडा ओढायचा, त्याने खालचं दार उघडतं, ते मिटायच्या आत खाली पोचायचं. पण वळणावर कॅमेरा भिंतीत घुसे आणि पडद्यावर नुसत्या विटा दिसत. त्या विटांपलीकडून कुणीतरी तलवार चालवे आणि सैनिक मरे. मेला की पुन्हा तळापासून सुरुवात. कात्री दात-ओठ खात पुन्हा चढे.

"गेला वाटतं परत," सासूबाई म्हणत. पुढे पुढे त्यांनी तेही सोडलं, नुसतं ‘च्च’ करत.

हे असंच असतं तर तिचं काम सोपं झालं असतं. पण पाचव्या बुरुजानंतर एक तळं लागलं. सैनिकाला एक होडी मिळते आणि ती वल्हवत पलीकडे जायचं. एवढंच. शत्रू नाही, कोडं नाही, संगीतसुद्धा नाही. वल्ह्याचा आवाज तेवढा. कात्री वल्हवत राहिली. तिला वाटलं, आता काहीतरी पाण्यातून उसळणार.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "टीव्ही मोठा कर."

"काय झालं?"

"खालून घंटा वाजतेय."

कात्रीला ऐकू येत नव्हतं. तिने आवाज वाढवला, वल्हं थांबवलं. मग तिलाही आलं. अगदी खोल, पाण्याच्या तळाशी, बुडालेल्या गावातली एक घंटा. कुणीतरी वाजवत असल्यासारखी नव्हती ती. पाण्याच्या ओढीने हलत असावी तशी, मध्येच एखादा ठोका. होडी पुढे नेली की दुसरीकडून दुसरी. खाली एक अख्खं गाव आहे हे खेळाने तोवर दहा वेळा सांगितलं होतं, पण ते खरं वाटलं आत्ता. पलीकडचा काठ आला तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं, "परत फिरव. अजून एकदा जाऊ."

दोघी परत गेल्या.

सातवा बुरूज सर झाला, राणी सापडली. ती "तू आलास" म्हणाली, धूसर झाली, खेळ संपला.

"हे काय!" सासूबाई कडाडल्या. "एवढी वणवण करून आला बिचारा, दोन शब्द धड बोलायला काय जात होतं हिचं? आणि इतकी वर्षं कोंडून घेऊन ही करत काय होती? एक खिडकी फोडता नाही आली?"

कात्रीला हसू फुटलं. पण त्यातली खिडकी तिने लेखात घेतली, सासूबाईंना विचारून.

लेख तिने मन लावून लिहिला. तळ्यावरचा तो भाग तिने आजवर खेळलेल्यांत सर्वांत सुंदर आहे, असं लिहिलं. घंटेविषयी लिहिलं. चौथ्या बुरुजाविषयीही लिहिलं, की ही अवघड जागा नाही, नुसती वाईट बांधलेली आहे आणि वाईट बांधकामाला आपण पाव शतक ‘आव्हान’ म्हणत आलो. राणीविषयी लिहिलं. शेवटी म्हटलं, की अर्धा खेळ थोर आहे आणि उरलेला अर्धा त्या थोर अर्ध्याच्या नावावर जेवतो. गुण दिले दहापैकी सहा. लेख पाठवला आणि निवांत झाली.

विशेषांक घरी आला तो सासूबाईंच्या हाती पडला. कात्री भाजी घेऊन आली तर त्या चष्मा नाकावर घेऊन तिचंच पान वाचत होत्या. चेहरा असा, की जणू चुकीचा नंबर जोडला गेलाय.

"काय गं," त्या म्हणाल्या, "तळ्यात लढाई कधी झाली?"

"कुठली लढाई?"

"हे काय. ‘सरोवरातली ती थरारक लढाई आजही अंगावर काटा आणते.’ तुझं नाव आहे वर."

कात्रीने पिशवी तशीच जमिनीवर ठेवली आणि अंक ओढून घेतला. वर तिचं नाव, तिचा फोटो. खाली जे होतं त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. ‘पंचवीस वर्षांनंतरही एकही सुरकुती नाही.’ ‘चौथ्या बुरुजाचं आव्हान पेलताना खेळाडूचा कस लागतो.’ ‘राणीच्या त्या अखेरच्या शब्दांनी डोळे पाणावले नाहीत असा माणूस विरळा.’ आणि सगळ्याच्या शेवटी, लाल चौकटीत, दहापैकी दहा.

घंटा कुठेच नव्हती.

"म्हणजे घरात एक बोलायचं आणि छापायचं दुसरंच," सासूबाई म्हणाल्या. रागावून नाही म्हणाल्या. खालच्या आवाजात, थोडं दुरावून म्हणाल्या, आणि तेच तिला झोंबलं. "मला वाटलं होतं, तू तशी नाहीस."

"आई, हे मी लिहिलेलं नाही!"

"नाव तर तुझंच आहे."

रागाने तिचे कान गरम झाले. नजरचूक असती, एखादं वाक्य गाळलं असतं, जागेसाठी परिच्छेद उडाला असता, तर तिने समजून घेतलं असतं. छापखान्याच्या धंद्यात हे चालतं. इथे कुणीतरी शांतपणे बसून, तिच्या तोंडात तिचे नसलेले शब्द कोंबले होते. वर ज्याने कोंबले त्याने तळं पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो घरी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि बूट काढता काढता म्हणाला, "जाऊ दे ना. खेळच तर आहे."

"तुझ्या दुकानात कुणी तुझ्या नावाने भलत्याच नंबरचा चष्मा दिला तर चालेल?"

"ते वेगळं. त्यात माणसाला दिसत नाही."

"यातही दिसत नाहीये!" ती ओरडली, आणि तो गप्प बसला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे गप्प बसावं ते त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात शिरली ती थेट संपादकांच्या केबिनमध्ये. वाटेत मांडणी करणाऱ्या बाईंनी "मस्त झालाय हं लेख" म्हणून तिच्या पाठीवर थोपटलं, त्याने तर तिच्या रागात तेलच ओतलं गेलं. टेबलावर तिने अंक उघडून ठेवला.

"हे कुणी लिहिलं?"

"जरा हात फिरवलाय मी," संपादक म्हणाले. "विशेषांक आहे अगं. सणासुदीला कुणी घरातल्या भांडणांची चर्चा करतं का?"

"हात फिरवला? सर, एक वाक्य ठेवलं नाहीत तुम्ही माझं!"

"ठेवलंय. ‘सात बुरूज हा खेळ’ एवढं तुझंच आहे." त्यांना वाटलं ती हसेल. ती हसली नाही, तसे ते खुर्चीत सरळ झाले. "हे बघ, मी या खेळावर लिहिलं तेव्हा तुझ्याएवढाही नव्हतो. दहापैकी दहा दिले होते मी त्याला. त्या लेखावर हे साप्ताहिक उभं राहिलं. आणि आज त्याच कागदावर मी सहा छापू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, की दोन माणसांची दोन मतं आहेत."

"तसं नसतं. काही गोष्टी ठरलेल्या असतात."

"कुणी ठरवल्या?"

"सगळ्यांनी."

"तुम्ही शेवटचा कधी खेळलात हा खेळ?"

संपादकांनी पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "ते डोक्यात पक्कं बसलंय माझ्या. पुन्हा खेळायची गरज नाही."

"म्हणूनच तळ्यात लढाई झाली!" तिने बोट आपटून ती ओळ दाखवली. "लढाई नाही तिथे, सर. काहीच नाही तिथे. ते काहीच नसणं हीच तर खेळ बनवणाऱ्यांची करामत आहे. या खेळात खरंखुरं कौतुक करण्यासारखं जे होतं, तेच तुम्ही पुसलंत, आणि वर ही खोटी स्तुती! दुरुस्ती छापा."

संपादक क्षणभर गोंधळले. मग त्यांचा आवाज चढला. "दोन-चार शब्द इकडचे तिकडे. कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि मतं बदलली म्हणून आपण दुरुस्ती छापत नाही. रविवारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम आहे, फलकावर तुझं नाव लागलंय. नुसती येऊन बस. बोलायचं मी बघतो."

"येते," कात्री म्हणाली. तो शब्द तिने ज्या सुरात उच्चारला, त्यावरून दुसरा कुणी असता तर सावध झाला असता.

तिचा मूळ लेख एव्हाना सासूबाईंनी वाचला होता. रविवारी सकाळी त्या वॉकर घेऊन तयार. डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, पण त्यांना कुणी अडवू शकलं नाही. नवऱ्याने टॅक्सी आणली, आईला धरून सभागृहात पहिल्या रांगेत बसवलं, आणि स्वतः दाराजवळ, पटकन निघता येईल असा उभा राहिला.

सभागृह भरलेलं होतं. सैनिकाचं चित्र छापलेले शर्ट घालून माणसं आली होती, त्यांतली कित्येक केस पिकलेली. व्यासपीठावर मोठा पडदा आणि त्याला जोडलेलं गेमचं यंत्र. संपादकांनी भाषण केलं, लेखातले उतारे वाचले. प्रत्येक उताऱ्याला टाळ्या. कात्री शेजारच्या खुर्चीत बसून, आपल्या नावाने म्हटलेलं ते सगळं ऐकत होती, आणि तिची बोटं खुर्चीच्या हातात रुतत होती.

"आणि ती सरोवरातली लढाई!" संपादक म्हणाले. "नुसतं वाचून काय होणार? बघूयाच."

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला. तंत्रज्ञाने तळ्याचा भाग लावून दिला. पडद्यावर होडी आली, पाणी आलं. संपादकांनी तलवार उपसली आणि होडीत सैनिकाला उभं केलं. सभागृह श्वास रोखून बसलं.

काही झालं नाही.

त्यांनी सैनिकाला डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. हवेत एक-दोन वार केले. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. कुणीतरी खुसखुसलं. संपादकांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

"अहो," पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, एक्स्चेंजमध्ये कमावलेल्या स्वच्छ, खणखणीत आवाजात, "ती तलवार ठेवा आणि वल्हं मारा. तिथे कुणी येत नाही!"

सभागृहात हशा पिकला. संपादकांनी कसनुसं हसून वल्हं मारलं. होडी निघाली. हशा हळूहळू विरला आणि मग खालून तो पहिला ठोका आला. सभागृहाचे मोठे स्पीकर होते. ठोका लोकांच्या खुर्च्यांपर्यंत पोचला. सगळे चिडीचूप झाले. संपादकही. ते पडद्याकडे असे पाहत होते, की त्यांना आपण कुठे आहोत याचा विसर पडला असावा.

कात्री उठली. माईक तिने स्वतःच ओढून घेतला.

"हे मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "ही घंटा. लढाई मी लिहिली नव्हती, कारण ती नाहीच. आत्ता तुम्ही ज्यांना टाळ्या दिल्यात त्यांतलं एकही वाक्य माझं नाही. मी या खेळाला दहापैकी सहा दिले होते. फार विचार करून दिले होते. माझ्या नावाखाली दहा छापले गेले, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

कुजबुज उठली. संपादक "अगं, अगं" करत पुढे सरसावले, पण तेवढ्यात चौथ्या रांगेतला एक दाढीवाला उभा राहिला. अंगात सैनिकाचा शर्ट.

"सहा?" तो ओरडला. "बाई, तुम्हाला खेळता येत नाही असं सांगा ना सरळ! स्वतःला जमत नाही आणि खेळाला नावं ठेवायची!"

"बरोबर बोलला!" मागून दोघे-तिघे.

"या," कात्री म्हणाली. "चौथा बुरूज खेळून दाखवा."

दाढीवाला वर आला, आणि त्याने खेळून दाखवलं. काय खेळला! जिना त्याने असा सर केला, की जणू घरचाच जिना. दांडा ओढला, वळला, उतरला, दार मिटायच्या आत बाहेर. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कात्रीनेही टाळ्या वाजवल्या, मनापासून.

"सुंदर," ती म्हणाली. "एक विचारू? त्या वळणावर पडद्यावर नुसत्या विटा दिसत होत्या. तिथे तुम्हाला कसं कळलं, शत्रू कुठे आहे?"

"कळायचं काय त्यात? तिथे काही दिसतच नाही," दाढीवाला म्हणाला. "मला पाठ आहे. डोळे मिटून दोन उड्या मारायच्या उजवीकडे. लहानपणापासून तसंच—"

तो मध्येच थांबला. सभागृहात कुणीतरी मोठ्याने हसलं. त्यालाही थोडं हसू आलं, मग ते त्याने आवरलं.

"तरीही," तो हट्टाने म्हणाला, "मी दहाच देणार."

"द्या की. खुशाल द्या. पण तुमच्या नावावर द्या! माझ्या नावावर कशाला?" ती सभागृहाकडे वळली. "खेळ थोर असेल तर सहाने तो बुडणार नाही. आणि मला जे दिसलं ते मी सांगायचं नसेल, तर माझा फोटो तरी कशाला छापता?"

टाळ्या पडल्या, पण फार नाही. बऱ्याच लोकांनी हाताची घडी घातली होती. आपला लाडका खेळ आणि ही कोण टिकोजीराव, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दाढीवाला मात्र खाली उतरताना तिच्याजवळ थांबला. "राणीचं तुमचं काय म्हणणं होतं?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. "हं," तो म्हणाला, आणि विचार करत गेला.

संपादक कार्यक्रम संपेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग कोपऱ्यात गाठून म्हणाले, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

"तुम्ही माझी सगळ्या वाचकांत केलीत. माझं नाव पानावरून काढा, सर. लेख मी जसा लिहिलाय तसा छापेपर्यंत मी लिहिणार नाही."

पुढच्या अंकात तिचा लेख आला नाही, दुरुस्ती आली नाही, काहीच आलं नाही. पान दुसऱ्याच कुणाला दिलं गेलं. काही लोकांनी तिला चिठ्ठ्या पाठवल्या, त्यांतल्या निम्म्यांत तिला खेळातलं काय कळतं असा सवाल होता. सासूबाई त्या मोठ्याने वाचत आणि प्रत्येकीला परस्पर उत्तर देत, जे पोस्टात टाकण्याजोगं नसे. त्यांचं स्वतःचं मत वेगळंच होतं. त्या आठ गुण द्यायच्या. "सहा म्हणजे तू जरा कंजूषपणाच केलास," त्या म्हणत, आणि त्यावरून दोघींची खडाजंगी होई, तळ्यासाठी किती आणि राणीसाठी किती वजा यावर.

काही महिन्यांनी एका छोट्या मासिकाने तिला बोलावलं. पगार बेताचा, ऑफिस म्हणजे एका गॅरेजच्या वरची खोली, खाली दिवसभर हातोड्यांचा आवाज. तिने एकच अट घातली. संपादिका म्हणाल्या, "शब्द बदलायचा तर फोन करीन. भांडायची तयारी ठेवा." तिला हे पसंत पडलं. पहिल्याच अंकात तिचा तो लेख जसाच्या तसा आला.

तो आला त्या आठवड्यात जुन्या संपादकांचा फोन आला.

"वाचला," ते म्हणाले. "चांगला लिहिलायस. झालं गेलं सोडून दे, परत ये. पान तुझंच आहे."

"आणि तो अंक? ‘हा लेख लेखिकेचा नाही’ असं छापणार?"

"आता इतक्या दिवसांनी छापण्याएवढं काय आहे त्यात? खेळच तर आहे."

कात्रीच्या कानशिलात पुन्हा तीच गरमी चढली, अगदी पहिल्या दिवसासारखी.

"खेळच आहे तर मग सहाने तुमचं काय बिघडत होतं, सर?" ती म्हणाली.

मग तिने फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन, अजून धुमसतच, नव्या अंकाचं लिहायला बसली.